डेव्हचे रांजण

लोणच्याची बरणी लाखों रुपये मोलाची होऊं शकते, हें आमच्या वाचकभगिनींस खरें वाटणार नाहीं. अमेरिकेंत मात्र प्रखर आंचेनें दगडासारख्या घट्ट झालेल्या जुन्या बरण्या-रांजणांचे हौशी संग्राहक पुष्कळ आहेत. उत्तरेकडील भांड्यांवर मिठाची झिलई व कोबाल्टची निळी चित्रें. तीं मोहक खरीं, पण आमचें मन गुंततें तें दक्षिण कॅरोलिनांतील एजफील्डच्या रांजणांत. त्यांची झिलई राखेची किंवा चुन्याची, शेवाळी-तपकिरी, ओघळलेली.

त्यांपैकीं श्रेष्ठ रांजणांचा कर्ता डेव्हिड ड्रेक हा गुलाम होता. १८३४ सालीं त्या राज्यानें गुलामांस लेखन-वाचन शिकविण्यास कायद्यानें बंदी केली. आणि त्याच वर्षीं या पुरुषानें ओल्या मातीवर तारखेसह स्वरचित पद्य कोरलें! पुढें तो ‘डेव्ह’ अशी सहीहि करूं लागला. १८५७ च्या एका रांजणावर आप्तांच्या ताटातुटीची व्यथा आहे. १८५९ चा एक रांजण तर सुमारें ४० गॅलनांचा. एवढी माती चाकावर व हातांनीं चढविणें हें येरागबाळ्याचें काम नव्हे.

२०२१ सालीं त्याचा १८५८ चा रांजण आर्कन्सासमधील क्रिस्टल ब्रिजेस संग्रहालयानें १५ लाख ६० हजार डॉलरांस घेतला. कर्त्याला स्वतःच्या देहावरहि हक्क नव्हता. मग त्याच्या कृतीचा धनी कोण? २०२५ सालीं बोस्टनच्या ललितकला संग्रहालयानें आपल्याजवळील दोन रांजणांची मालकी ड्रेकच्या वंशजांस परत दिली आणि त्यांतील एक त्यांच्याकडूनच रीतसर मोल देऊन पुन्हां विकत घेतला.