एकास चाळीस : दुहेरी पैजेचा हिशेब

खानदेशात गोल्फ खेळणारा माणूस शोधायचा तर हातात दिवा घेऊन निघावे लागेल. परंतु भाव म्हणजे काय, हे मात्र येथे कोणास शिकवावे लागत नाही. जळगाव, धुळे, अमळनेर, चोपडा ही कापसाची गावे. सकाळचा भाव संध्याकाळी राहत नाही, हे जिनिंगच्या दारात गाडी उभी करून ज्याने रात्र काढली आहे त्यास पक्के ठाऊक असते. त्यामुळे गोल्फच्या धंदेवाईक स्पर्धेवर लावली जाणारी 'ईच वे' पैज हा विषय वरून परका दिसला, तरी आतून ओळखीचाच आहे. शिवाय तो आता दूरचाही राहिलेला नाही. विलायतेतील पेढ्यांचे भाव मोबाइलवर दिसतात, आणि हिशेब न समजता त्यांत पैसे घालणारी मुले आपल्याही गावांत आहेत. तेव्हा पैज लावावी की न लावावी हा उपदेश बाजूस ठेवून आपण नुसता हिशेब मांडून पाहू.

आरंभ घरच्या उदाहरणाने करू. 'आकडा' हा प्रकार मुळात कापसातून निघाला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव तारेने मुंबईस येत, आणि त्यांतील अंकांवर लोक पैसे लावीत. पुढे ते भाव येईनासे झाले तेव्हा १९६२ साली कल्याणजी भगत यांनी वरळीत, आणि १९६४ साली रतन खत्री यांनी त्याच धर्तीवर, मटका चालू केला. कापूस गेला, पण 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द मागे राहिले ते आजतागायत. या खेळात एकेरी अंकाला रुपयास नऊ रुपये हा रूढ भाव. अंक दहा. दहांनाही सारखीच संधी धरली, तर दहा अंकांवर एकेक रुपया लावणाऱ्याच्या हाती दहा रुपयांचे नऊ परत येतात. दहावा रुपया मटकेवाल्याचा. तो नशिबाने मिळत नाही, तो भावातच शिवलेला असतो.

भाव म्हणजे उलट्या बाजूने लिहिलेली संधी. एवढे एक सूत्र हाती असले की पुढचे सारे सोपे आहे. एखाद्या खेळाडूचा भाव 'एकास चाळीस' आहे, याचा अर्थ रुपया लावला तर चाळीस मिळतील आणि लावलेला रुपयाही परत येईल, म्हणजे एकंदर एक्केचाळीस. अशा एक्केचाळीस स्पर्धांत तो निदान एक जिंकला तर पैसे फिटले. ज्यास त्याची संधी त्याहून कमी वाटते त्याने तो भाव घेऊ नये.

आता गोल्फ. मोठ्या स्पर्धेत दीडशेच्या आसपास खेळाडू उतरतात. चार दिवस, रोज अठरा खळगे, आणि ज्याचे एकूण फटके सर्वांत कमी तो विजयी. दोन दिवसांनी जवळजवळ निम्मे खेळाडू गाळून घरी पाठवतात. एवढ्या गर्दीत सर्वांत नावाजलेला खेळाडूही बहुतेक वेळा हरतो. जिंकणारा ओळखणे इतके अवघड असल्यामुळेच येथे दुहेरी पैजेची चाल पडली. तिचे नाव एक असले तरी त्या दोन स्वतंत्र पैजा आहेत. निम्मे पैसे तो जिंकेल यावर, आणि निम्मे तो पहिल्या पाचांत येईल यावर. कोठे पाचांऐवजी सहा किंवा आठ जागा देतात आणि त्या मानाने भाव कमी करतात. जागेचा भाव हा जिंकण्याच्या भावाचा ठरावीक हिस्सा असतो. चौथा हिस्सा धरून चालू.

एकास चाळीस भावाने शंभर अधिक शंभर असे दोनशे रुपये लावले. गडी जिंकला तर पहिल्या शंभराचे ४,१०० आणि दुसऱ्या शंभराचे, एकास दहा या भावाने, १,१०० हाती येतात. तो तिसरा आला तर पहिले शंभर बुडाले, दुसऱ्यांचे १,१०० आले. सहावा आला तर दोन्ही शंभर गेले. येथपर्यंत पानटपरीवरही कोणी सांगेल. पुढची गोष्ट मात्र बहुतेकांस ठाऊक नसते.

२०१५ सालच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात पीजीए चॅम्पियनशिप झाली. जेसन डे जिंकला. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी पाचवा आला. भारतीय खेळाडूची अशा मोठ्या स्पर्धेतील ती तोवरची सर्वोत्तम कामगिरी. पण तो एकटा पाचवा नव्हता. ब्रूक्स केप्का याचेही फटके तेवढेच होते. पहिल्या जागेसाठी बरोबरी झाली तर पुन्हा खेळवून निकाल लावतात, खालच्या जागांसाठी तसे करीत नाहीत. जागा पाच, पाचवे दोघे. अशा वेळी पेढीवाला जागेवर लावलेले निम्मे पैसे बुडाले असे धरतो आणि उरलेल्या निम्म्यांवर पूर्ण भाव देतो. आपल्या उदाहरणातल्या भावाने पाहिले तर १,१०० ऐवजी ५५० हाती येतात. चौथ्या जागेवर चौघे बरोबरीत आले तरी हिशेब तोच, कारण शिल्लक जागा दोन आणि मागणारे चार. गोल्फमध्ये अशी बरोबरी नित्याची आहे. ती न धरता केलेला हिशेब म्हणजे वजनात ओलावा न धरता घेतलेला कापूस.

मग या दोन अर्ध्यांपैकी अधिक तोट्याचा अर्धा कोणता? समजा, स्पर्धेत १५० खेळाडू आहेत आणि सगळे अगदी समान आहेत. प्रत्येकाची जिंकण्याची संधी दीडशेत एक, पहिल्या पाचांत येण्याची तिसांत एक. पेढीने सर्वांना एकास शंभर भाव दिला. जिंकण्यावर लावलेल्या शंभरांपैकी सरासरीने ६७ रुपये परत येतील. जागेचा भाव एकास पंचवीस, म्हणून तेथे शंभरांपैकी सुमारे ८७. बरोबरीचे नुकसान दोन्हीकडे सोडून दिले आहे. नुकसान दोन्हीकडे आहेच, पण जागेच्या अर्ध्यात ते कमी आहे. मोठ्या भावाच्या खेळाडूंवर लोक दुहेरी पैज लावतात ती यामुळे. नावाजलेल्या खेळाडूचे मात्र उलट. त्याचा भाव एकास चार असेल तर जागेचा भाव एकास एक होतो, म्हणजे तो दर दोन स्पर्धांत एकदा पहिल्या पाचांत यायला हवा. असे खेळाडू फार थोडे.

निवडीचे मर्म येथेच आहे. पेढी जागेचा भाव खेळाडूकडे पाहून ठरवीत नाही, जिंकण्याच्या भावाला यांत्रिक रीतीने चाराने भागते. परंतु खेळाडू दोन जातींचे असतात. एक आज पहिला, उद्या गाळलेल्यांत. दुसरा क्वचित जिंकतो, पण सदैव वरच्या दहा-पंधरांत असतो. दोघांचा भाव एकास चाळीस असला, तरी जागेचा अर्धा दुसऱ्याच्या बाबतीतच किफायतीचा. म्हणून जाणता मनुष्य विजयांची संख्या सोडून मागच्या चाळीस-पन्नास स्पर्धा घेतो आणि गडी कितीदा पहिल्या पाचांत आला ते मोजतो. बरोबरीने आला असेल तर अर्धेच धरतो. ही संख्या अकरांत एकाहून जास्त भरली तरच एकास दहा हा भाव घेण्याजोगा. त्यात पहिल्या दोन दिवसांच्या वेळांचीही भर पडते. निम्मे खेळाडू एक दिवस सकाळी आणि दुसऱ्या दिवशी दुपारी खेळतात, निम्मे याच्या उलट. एका दुपारी वारा सुटला की चांगला खेळाडूही दोन-तीन फटके फुकट गमावतो. मैदान लांब की आखूड, हे तर पाहावेच लागते.

ही विद्या विलायती आहे असे मात्र समजू नये. वनपर्वातील नलोपाख्यानात राजा ऋतुपर्ण रथातून जाता जाता बेहड्याच्या झाडाच्या दोन फांद्यांवर पाने किती आणि फळे किती हे सांगतो. नळ रथ थांबवून मोजतो आणि ते बरोबर निघते. हीच आपली अक्षविद्या, असे ऋतुपर्ण सांगतो, आणि तिच्या बदल्यात नळाची अश्वविद्या मागतो. बेहड्याच्या फळांचेच त्या काळी फासे करीत. ते झाड आपल्या सातपुड्यात आजही आहे. मोजणे आणि अंदाज बांधणे हे द्यूताचे हृदय आहे, एवढे त्या कथाकारास कळले होते. मात्र नळाच्या गोष्टीत पेढीवाला नाही, त्यामुळे ते गणित पुष्कळ सोपे आहे!

कायद्याचेही थोडे सांगितले पाहिजे. आपल्याकडे १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा आहे. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली लक्ष्मणन खटल्यात म्हटले. गोल्फवरील पैजेस असा आसरा कोठेच नाही, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळण्याचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, सरसकट बंद केले. तेव्हा वर सांगितलेला हिशेब येथे बसून वापरण्याचा कायदेशीर मार्ग नाही.

महालक्ष्मीस आणि पुण्यास शर्यतीच्या मैदानावर 'विन' आणि 'प्लेस' अशी तिकिटे मिळतात, परंतु तेथील रीत निराळी आहे. प्लेसचे सगळे पैसे वेगळ्या खात्यात जमतात, त्यातून क्लबाचा आणि सरकारचा वाटा निघतो आणि उरलेले जिंकणाऱ्या तिकिटांवर वाटले जातात. चाराने भागण्याचा प्रश्नच नाही. त्यामुळे पेढीच्या यांत्रिक भागाकारात जी फट सापडते, ती तेथे मिळत नाही. शिवाय तिकीट घेताना दिसणारा भाव कायम राहत नाही, शेवटचे तिकीट विकले जाईपर्यंत तो बदलत असतो.