फोटो क्लाऊडवर आहेत, म्हणजे बॅकअप आहे का?

३ मार्च २००९ रोजी कोलोन शहराचं ऐतिहासिक अभिलेखागार कोसळलं. शेजारी भुयारी रेल्वेचं काम चालू होतं आणि इमारतीखालची जमीनच खचली. शेजारच्या घरांतल्या दोन तरुणांचा जीव गेला. हजार वर्षं जुन्या दस्तऐवजांपासून नोबेलविजेते लेखक हाइन्रिश ब्योल यांच्या कागदपत्रांपर्यंत सगळं ढिगाऱ्यात गेलं. त्यातलं बहुतेक नंतर बाहेर काढता आलं, पण फाटलेलं, भिजलेलं, एकमेकांत मिसळलेलं. ते जुळवण्याचं काम काही दशकांचं आहे.

त्यातल्या त्यात दिलासा असा, की अनेक जुन्या कागदांच्या मायक्रोफिल्म प्रती सुरक्षित होत्या. कुठे? शेकडो किलोमीटर दूर, फ्रायबुर्गजवळच्या ओबररीड गावी, डोंगराच्या पोटात. 'बार्बाराश्टोलन' नावाच्या या जुन्या खाणीत जर्मनी १९७५ पासून आपल्या अभिलेखागारांमधल्या महत्त्वाच्या कागदांच्या प्रती स्टीलच्या हवाबंद पिंपांमध्ये ठेवते आहे. मायक्रोफिल्मच का? कारण ती वाचायला भिंग आणि उजेड पुरतो. पाचशे वर्षांनी कोणती यंत्रं असतील, याची काळजी नको.

आता तुमच्या खिशातल्या फोनकडे वळू. आईबाबांचे फोटो, आजीने व्हॉट्सॲपवर पाठवलेले आवाजी निरोप, घरभाड्याचा करार, विद्यापीठाची कागदपत्रं. परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांचं निम्मं घर तिथेच असतं. आणि बहुतेक जण म्हणतात, "माझं सगळं क्लाऊडवर आहे की!"

इथेच गोंधळ होतो. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. गूगल फोटोज किंवा आयक्लाऊड फोटोज तुमचा फोन आणि क्लाऊड एकसारखे ठेवायचा प्रयत्न करतात. फोन हरवला तर याचा उपयोग होतोच. पण "फोन भरलाय" म्हणून तुम्ही ॲपमधून फोटो पुसले, तर ते क्लाऊडवरूनही जातात. गूगलवर बॅकअप झालेला फोटो ६० दिवस कचरापेटीत राहतो, आयक्लाऊडवर साधारण ३० दिवस. त्यानंतर कायमचा गेला. आरशासमोरची वस्तू हलवली की आरशातलीही हलते, तसंच हे. बॅकअप म्हणजे मूळ वस्तूला काहीही झालं तरी जागची न हलणारी प्रत.

म्हणून संगणक क्षेत्रात '३-२-१' असा साधा नियम सांगतात: एकूण तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. आपल्यासाठी याचा अर्थ असा: एक प्रत फोनमध्ये, एक क्लाऊडवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर. ती डिस्क लॅपटॉपच्या बॅगेतच ठेवू नका. ट्रेनमध्ये बॅग चोरीला गेली तर दोन्ही एकदमच जातील. भारतात जाल तेव्हा एक डिस्क घरच्या कपाटात ठेवून या. तेच आपलं बार्बाराश्टोलन.

व्हॉट्सॲपचं प्रकरण जरा वेगळं आहे. अँड्रॉइडवर त्याचा बॅकअप तुमच्या गूगल खात्यात जातो आणि मोफत मिळणाऱ्या १५ जीबीतली जागा घेतो. आयफोनवर तो आयक्लाऊडमध्ये जातो, तिथे मोफत जागा फक्त ५ जीबी. जागा संपली की बॅकअप थांबतो, आणि आपलं त्या सूचनेकडे लक्ष जातंच असं नाही. शेवटचा बॅकअप कधी झाला, ते सेटिंग्जमध्ये आत्ताच बघा. अँड्रॉइडवरून आयफोनकडे किंवा उलट जाताना हा क्लाऊडवरचा बॅकअप चालत नाही. जुना फोन हातात असतानाच गप्पा थेट नव्या फोनवर न्याव्या लागतात. बॅकअपला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन लावणं चांगलंच, पण तो पासवर्ड विसरलात तर व्हॉट्सॲपही मदत करू शकत नाही. आजीचे निरोप मात्र एकेक करून साध्या फाइल म्हणून बाहेर काढा आणि डिस्कवर ठेवा. कोणत्याही ॲपशिवाय ऐकता येणारी फाइल म्हणजे आपली मायक्रोफिल्म.

आणि काही गोष्टी कुठल्याच बॅकअपमध्ये नीट येत नाहीत. जर्मन बँकांची टॅन ॲप्स सुरक्षेसाठी एका विशिष्ट फोनशी बांधलेली असतात. नव्या फोनवर बॅकअप उतरवला तर ॲप दिसेल, पण चालेल असं नाही. ते पुन्हा सुरू करायला बऱ्याच बँका पोस्टाने पत्र पाठवतात. ते यायला काही दिवस लागतात, आणि ते बँकेकडे नोंदवलेल्या पत्त्यावरच येतं. घर बदलून आनमेल्डुंग केलंत, पण बँकेला कळवलं नाहीत, तर पंचाईत. भारतीय बँकेचे ओटीपी भारतीय सिमवर येत असतील, तर ते सिम फोनबरोबर हरवल्यावर इथे बसून नवं कसं मिळेल, हे आधीच विचारून ठेवा. विद्यापीठाच्या किंवा ईमेलच्या दुहेरी लॉगिनसाठी जे राखीव कोड मिळतात, ते कागदावर छापून पासपोर्टजवळ ठेवा. हो, कागदावर!

शेवटची गोष्ट सगळेच विसरतात: बॅकअप उघडून बघणं. न उघडलेला बॅकअप म्हणजे नुसती आशा. येत्या रविवारी, दुकानं बंदच असतात, तेव्हा तासभर काढा. डिस्क लॅपटॉपला लावा, दोन वर्षांपूर्वीचा एखादा फोटो शोधा, एक आवाजी निरोप वाजवून बघा. मग घरी फोन करून आईबाबांच्या फोनचा शेवटचा बॅकअप कधी झाला, तेही विचारा. तुमच्या लहानपणीचे स्कॅन केलेले फोटो बहुधा फक्त तिथेच असतील.