श्वानाची नसबंदी आणि भुलीची धास्ती

कुत्र्याच्या नसबंदीपूर्वी घरातील माणसांना वाटणारी धास्ती बहुधा शस्त्रक्रियेपेक्षा भुलीविषयी, म्हणजे औषधाने आणलेल्या तात्पुरत्या बेशुद्धीविषयी असते, आणि ती अनाठायी म्हणून झटकून टाकणे योग्य नव्हे. ब्रिटनमधील एका मोठ्या पाहणीत, जिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले, निरोगी कुत्र्यांमध्ये भुलीशी निगडित मृत्यूचे प्रमाण सुमारे २००० मागे एक इतके आढळले. आजारी कुत्र्यांत मात्र ते १०० मागे एकाहून अधिक होते, म्हणून आधीची हृदयाची व रक्ताची तपासणी ही निव्वळ औपचारिकता मानू नये. त्याच पाहणीत कुत्र्यांचे जवळपास निम्मे मृत्यू शस्त्रक्रिया आटोपल्यानंतरचे होते, तेव्हा प्राणी शुद्धीवर येत असताना त्याच्याजवळ कोण थांबणार आणि त्याचा श्वास, नाडी व तापमान कोण पाहणार, हे पशुवैद्यकांना निःसंकोच विचारावे. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांचा श्वासमार्ग अरुंद असल्याने त्यांच्याबाबत ही विचारणा विशेष अगत्याची ठरते. पोटातील अन्न उलटून श्वासनलिकेत जाऊ नये यासाठी प्राण्याला डॉक्टरांनी सांगितलेले तास उपाशी ठेवावे लागते. कळवळ्यापोटी एखादे बिस्किट दिले गेलेच, तर ते लपवू नये, कारण नसबंदीची तारीख सहज पुढे ढकलता येते.