न सांगता झोपी जाणारा पहारेकरी

मुंबईत रात्रीचे साडेदहा होतात, तेव्हा बर दुबईत नऊ वाजलेले असतात. खाडीवर अब्रा अजून ये-जा करीत असतात, मीना बाजारातील दिवे लखलखत असतात, आणि दिवसभराच्या कामाने थकलेला मुलगा खोलीवर येऊन आडवा झालेला असतो. आई इकडून कॉल लावते. फोन उशाशी असूनही वाजत नाही. सकाळी अ‍ॅप उघडताच रात्रीचे चार हुकलेले कॉल एकदम पुढे येतात. आईची रात्र मात्र काळजीत सरलेली असते.

यात दोष आईचाही नाही आणि मुलाचाही नाही. संयुक्त अरब अमिरातीत इंटरनेटवरून बोलण्यासाठी बोटिमसारखी परवानाप्राप्त अ‍ॅप्स वापरावी लागतात. कॉल आल्याची वर्दी मिळण्यास अशा अ‍ॅपला पडद्याआड जागे राहण्याची मुभा हवी असते. बॅटरी वाचविण्याची सोय कित्येकदा नेमकी तीच मुभा काढून घेते.

२०१५ साली अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीत ‘डोझ’ ही योजना आली. चार्जरला न लावलेला फोन पडदा बंद होऊन काही काळ निश्चल पडून राहिला, की अ‍ॅप्सची कामे थोपविली जातात व अधूनमधून थोडा वेळ करू दिली जातात. तातडीच्या संदेशांसाठी तीत वाट ठेवलेली आहे. परंतु काही कंपन्यांनी आपल्या फोनांत याहून कडक बंधने घातली. त्याच वर्षी आयफोनमध्येही ‘लो पॉवर मोड’ आला.

काटकसर वाईट, असे कोण म्हणेल? आमचे म्हणणे इतकेच, की बॅटरी कमी झाली म्हणजे फोन तत्परतेने इशारा देतो. मग एखादे अ‍ॅप थांबविताना ‘याचे कॉल किंवा औषधाची आठवण आपणांस पोहोचणार नाही’ असा स्पष्ट इशारा त्याने का देऊ नये? पहारेकऱ्याने विश्रांती जरूर घ्यावी, पण घरधन्यास सांगून घ्यावी.

तोवर आपणच सावध असावे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपच्या ‘बॅटरी’ या सदरात ‘अनरिस्ट्रिक्टेड’ हा पर्याय निवडावा. काही फोनांत ‘ऑटोस्टार्ट’चीही परवानगी द्यावी लागते. ही सवलत एकदोन महत्त्वाच्या अ‍ॅप्सनाच द्यावी, अन्यथा बॅटरी लवकर संपेल. आयफोनवर बॅटरीचे चिन्ह पिवळे दिसल्यास काटकसर चालू आहे, असे समजावे. औषधाच्या वेळेसाठी फोनमधील घड्याळाचा गजर लावावा. आणि प्रसंग निकडीचा असेल, तर पैशांकडे न पाहता सरळ मोबाइल क्रमांकावर साधा कॉल करावा. त्याला हे बंधन नाही.

पुढच्या सुटीत मुलगा घरी येईल, तेव्हा आईचाही फोन त्याने एकदा पाहून द्यावा. तिकडून येणारा कॉलही इकडे वाजावयास हवा.