कोकणचा किनारा पायी: पाच गैरसमज आणि वस्तुस्थिती

थंडी पडली की मुंबईतल्या वाकोल्यात मित्रमंडळींचे बेत ठरू लागतात: पाठीवर सॅक टाकायची, कोकणात उतरायचं आणि समुद्राच्या कडेकडेने चालत सुटायचं. बेत उत्तम आहे, जरूर करावा. पण गडकिल्ल्यांच्या ट्रेकचे आडाखे इथे चालत नाहीत. इथली वाट समुद्र दिवसातून दोनदा देतो आणि दोनदा काढून घेतो.

गैरसमज 1: किनारा धरून सरळ चालत राहिलं की पुढचं गाव येतंच.

वस्तुस्थिती: सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या हा किनारा ठिकठिकाणी तोडतात. बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री. या खाड्या पायी ओलांडता येत नाहीत. दाभोळहून पलीकडचं धोपावे समोर दिसतं. फेरीबोट काही मिनिटांत तिथे पोहोचवते, रस्त्याने मात्र चिपळूणचा मोठा वळसा पडतो. वेसवी–बागमांडला आणि जयगड–तवसाळ इथेही फेरीबोटीच कामाला येतात. त्यामुळे दिवसाची आखणी किलोमीटरवर न करता शेवटच्या फेरीच्या वेळेवर करावी.

गैरसमज 2: सकाळी पार केलेली पुळण संध्याकाळीही तशीच असेल.

वस्तुस्थिती: एका भरतीपासून दुसरी भरती साधारण 12 तास 25 मिनिटांनी येते, म्हणून रोजची वेळ सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला 6 वाजता भरती, म्हणजे 12 च्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला भर दुपारी उधाणाची भरती, तेव्हा खडपांवरून जाणारी वाट बंद. हेदवीच्या बामणघळीत भरतीचं पाणी कातळातल्या अरुंद फटीत घुसून कारंज्यासारखं उसळतं, त्यावरून या पाण्याचा जोर कळतो. नेमक्या वेळेसाठी भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहावंच.

भरतीचा हा जोर वाकोल्याला नवीन नाही. वाकोला नाला मिठी नदीला मिळतो आणि मिठी माहीमच्या खाडीला. मुसळधार पाऊस आणि भरती एकत्र आली की पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझ वेधशाळेत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तो दिवस इथे कोण विसरेल?

गैरसमज 3: पावसाळा सोडला तर समुद्र निर्धोक.

वस्तुस्थिती: 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. तो पावसाळा नव्हता. किनाऱ्यावर आदळलेलं पाणी एखाद्या चिंचोळ्या पट्ट्यातून वेगाने आत परततं. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणून तोच भाग शांत वाटतो आणि माणूस नेमका तिथे उतरतो. ओढलं गेल्यास किनाऱ्याकडे झुंजत पोहू नये, दम जातो. किनाऱ्याला समांतर पोहून ओढीतून सुटावं, मग परतावं. पोहता येत नसेल तर तरंगत राहून हात वर करावा.

गैरसमज 4: कोकणात पाण्याला काय तोटा!

वस्तुस्थिती: रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण जांभा दगड सच्छिद्र असल्याने पाणी झिरपून निघून जातं. दोन गावांमधला सडा उन्हाळ्याच्या तोंडाशी कोरडा ठणठणीत असतो, सावलीही नसते. गाव सोडतानाच बाटल्या भरून घ्याव्यात. पायात जाड तळव्याचे बूट हवेत, कारण खडपांना चिकटलेली कालवं पाय कापतात.

गैरसमज 5: निर्जन पुळण कुणाचीच नाही, कुठेही तंबू ठोका.

वस्तुस्थिती: वेळास, आंजर्ले अशा पुळणींवर ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात अंडी घालायला येतात. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन ही घरटी जपली. वाळूतून बाहेर पडलेलं पिल्लू उजेडाच्या दिशेने चालतं. शेकोटी किंवा टॉर्च दिसली की ते समुद्राऐवजी जमिनीकडे वळतं आणि मरतं. म्हणून मुक्काम गावातल्या घरात, परवानगीने करावा. कुणाची तरी पडवी सहज मिळते आणि पैसाही गावात राहतो.

निघण्यापूर्वी त्या गावातल्या कोळ्याला किंवा खारव्याला वाट विचारा. त्याचा शब्द नकाशापेक्षा मोठा. रोजचा मुक्काम घरी कळवा, आणीबाणीत 112 लावा. खडपाशी पोहोचल्यावर पाणी चढताना दिसलं तर सगळ्यांनी मागे फिरा. ओहोटी लागली की तीच वाट पुन्हा मोकळी होते, थांबायची तयारी फक्त आपल्याकडे हवी.