परताव्याचा आकडा आणि ओलं लाकूड

आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, तेव्हा आजचा विषय म्युच्युअल फंड आहे म्हटल्यावर काहींना नवल वाटलं असेल. पण निवृत्तीनंतर ग्रॅच्युइटीचे आणि भविष्य निर्वाह निधीचे पैसे हातात आले की माणसापुढे जो प्रश्न उभा राहतो, तो आमच्या मते ज्ञानाचाच प्रश्न आहे. ‘या योजनेनं पाच वर्षांत वर्षाला १८ टक्के दिले, म्हणून ही चांगली, सबब पैसे इथेच ठेवावेत.’ हे वाक्य नीट बघा. हे अनुमान आहे. आणि अनुमान तपासायची रीत आपल्याकडे फार जुनी आहे.

धूर दिसला की अग्नी आहे, हे न्यायदर्शनातलं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. आता ते उलटं करू. ‘जिथे अग्नी तिथे धूर’ असं म्हणता येईल का? नाही. तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा घ्या. अग्नी आहे, धूर नाही. धूर येतो तो अग्नीला ओल्या लाकडाची साथ मिळाली तरच. या लपून बसलेल्या अटीला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. ती सापडली की अनुमान कोसळतं. परताव्याचा आकडा समोर आला की आपणही हेच विचारायचं: इथे ओलं लाकूड कुठलं?

पहिली उपाधी काळाची. सेन्सेक्स जानेवारी २००८ मध्ये सुमारे २१ हजारांवर होता. मार्च २००९ मध्ये तो ८ हजारांच्या आसपास आला आणि जानेवारी २०१४ मध्ये पुन्हा २१ हजारांच्या जवळपास होता. आता गंमत बघा. जानेवारी २००८ पासून मोजलं तर सहा वर्षांत लाभांश सोडून हाती जवळजवळ शून्य. मार्च २००९ पासून मोजलं तर पैसे अडीच पटीहून जास्त, म्हणजे वर्षाला २० टक्क्यांच्या वर! बाजार तोच, शेवटचा दिवस तोच. फक्त मोजायला सुरुवात कुठून केली, एवढाच फरक. म्हणून एका कालखंडाच्या आकड्यावर न थांबता ‘रोलिंग रिटर्न’ बघावेत. रोलिंग म्हणजे प्रत्येक दिवशी पैसे गुंतवले असते आणि पाच वर्षं ठेवले असते तर काय झालं असतं, याचा सगळा पट. त्यातलं सर्वांत वाईट वर्तुळ आपल्याला सोसलं असतं का, हे स्वतःला विचारावं.

दुसरी उपाधी बाजाराची. योजनेनं १८ टक्के दिले, पण त्याच काळात तिच्या निर्देशांकानं २० टक्के दिले असतील, तर धूर लाकडाचा होता, फंड मॅनेजरच्या कौशल्याचा नव्हे. ही तुलना करताना निर्देशांकातल्या कंपन्यांचा लाभांशही धरायला हवा, कारण योजनेला तो मिळतच असतो. लाभांश धरलेल्या अशा निर्देशांकाशीच तुलना करावी, असं बंधन सेबीनं फेब्रुवारी २०१८ पासून घातलं. त्याआधीच्या तक्त्यांत योजना होत्या त्यापेक्षा सरस दिसत, त्याचं एक कारण हेच.

तिसरी उपाधी उरलेल्यांची. ज्या योजना चालल्या नाहीत, त्या बंद होतात किंवा दुसरीत विलीन होतात. तक्त्यात दिसतात त्या तगलेल्याच. परत आलेल्या होड्या मोजून समुद्र शांत आहे असं ठरवण्यासारखंच ते.

आता जोखमीकडे येऊ. फॅक्टशीटमध्ये ‘स्टँडर्ड डेव्हिएशन’ असतं, म्हणजे परतावा सरासरीच्या वरखाली किती हेलकावतो त्याचं माप. ‘शार्प रेशो’ काढताना परताव्यातून बिनजोखीम मानलेला सरकारी दर वजा करतात आणि उरलेल्याला या हेलकाव्यानं भागतात. दोन योजनांनी १४ टक्के दिले, सरकारी दर ६ धरला आणि हेलकावे एकीचे १६, दुसरीचे १० असतील, तर गुणोत्तरं येतात ०.५ आणि ०.८. दुसरीनं तेवढेच पैसे कमी धक्क्यांत मिळवून दिले.

मापं उपयोगी आहेत, पण हेलकावा म्हणजेच जोखीम, असं समजू नका. १९६४ साली सुरू झालेली युनिट ट्रस्टची ‘यूएस-६४’ आठवा. तिची किंमत संस्था जाहीर करी, ती आतल्या मालमत्तेच्या बाजारभावाशी बांधलेली नव्हती. त्यामुळे हेलकावे दिसतच नसत, लोकांना ती बँकेइतकी भरवशाची वाटे. जुलै २००१ मध्ये युनिट्स परत घेणंच सहा महिन्यांसाठी थांबवलं गेलं. पुढे २३ एप्रिल २०२० रोजी फ्रँकलिन टेम्पलटननं सहा कर्जरोखे योजना बंद केल्या. पैसे नंतर टप्प्याटप्प्यानं परत मिळाले, पण ज्याला त्याच महिन्यात शस्त्रक्रियेचं बिल भरायचं होतं, त्यानं काय करायचं? रोखे कोणाचे आहेत आणि वेळेला विकले जातील का, हे हेलकाव्याच्या आकड्यात दिसत नाही. रिस्कोमीटरचा काटा बघाच, पण योजनेनं कोणते रोखे घेतलेत ती यादीही वाचा.

राहिला खर्च. परतावा हे अनुमान, जोखीम हा अंदाज. खर्च मात्र आज, आत्ता कळतो. तो दररोज थोडा थोडा कापून मगच एनएव्ही जाहीर होते, म्हणून खिशातून गेल्यासारखा वाटत नाही. ढोबळ हिशेब करू. १० लाख रुपये, २० वर्षं, खर्चाआधी १२ टक्के वाढ धरली. खर्च १ टक्का असेल तर उरलेल्या ११ टक्क्यांनी होतात सुमारे ८०.६ लाख. खर्च २ टक्के असेल तर सुमारे ६७.३ लाख. फरक १३ लाखांच्या वर, म्हणजे मुद्दलापेक्षा जास्त! एका टक्क्याचा हा हिशेब.

जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेचा ‘डायरेक्ट’ प्रकार मिळतो, त्यात वितरकाचं कमिशन नसतं. म्हणून वितरक नकोच, असं आमचं म्हणणं नाही. बाजार पडल्यावर घाबरून विकायला निघालेल्या माणसाला जो थांबवतो, तो आपलं मोल वसूल करून देतो. पण काय देतो आहोत ते माहीत हवं. दर सहामाहीला येणाऱ्या एकत्रित स्टेटमेंटमध्ये वितरकाला गेलेलं कमिशन रुपयांत दिलेलं असतं. ते पान बहुतेक जण उलटून टाकतात.

तेव्हा पुढच्या व्याख्यानापूर्वी एवढं करा. आपल्या एका योजनेचं फॅक्टशीट काढा आणि खर्चाचं प्रमाण, लाभांशासह निर्देशांकाचा परतावा आणि सर्वांत वाईट वर्ष या तीन गोष्टी कागदावर लिहा. पाच वर्षांचा तो मोठा आकडा सगळ्यांत शेवटी लिहा. आता प्रश्न विचारा, वेळ आहे.