ईआरपीत करिअर बदलायचंय, पण क्लासच्या फीला पैसे नाहीत? आधी हा हिशेब समजून घ्या

धानाचे चुकारे हाती आले की मोहाडी तालुक्यातील करडीसारख्या गावात पैशांच्या वाटा आधीच ठरलेल्या असतात: उधारी, खते-बियाणे, घरखर्च. उरलेल्या रकमेतून नागपूर-पुण्याच्या क्लासला ‘सॅप’ची फी भरायची का, हा निर्णय म्हणूनच साधा नसतो. तो चुकला, तर पुढचा हंगाम कर्जात जातो. चांगली गोष्ट म्हणजे, या क्षेत्राची सुरुवात फी न भरताही करता येते.

ईआरपी म्हणजे नेमकं काय?

कंपनीची खरेदी, साठा, उत्पादन, विक्री, पगार आणि हिशेब एकाच प्रणालीत जोडणारे सॉफ्टवेअर म्हणजे ईआरपी. राईस मिलचे उदाहरण घ्या. शासकीय भरडाईत एक क्विंटल धानामागे साध्या तांदळाचा उतारा ६७ किलो धरला जातो. उरलेल्यात कनकी, कोंडा, भुसा आणि घट. धान आत येताच साठा वाढणे, भरडाईनंतर प्रत्येक माल वेगळा नोंदवला जाणे, विक्री होताच जीएसटीसह बिल आणि खातेवहीत नोंद होणे, ही सगळी साखळी ईआरपी सांभाळते.

जुना अनुभव वाया जातो का?

उलट तोच भांडवल ठरतो. ईआरपीतील सगळीच कामे कोडिंगची नसतात. लेखा विभागात काम केलेल्याला ‘सॅप’चे फायको मॉड्यूल जवळचे, स्टोअर-खरेदीवाल्याला एमएम, विक्री-डिस्पॅचवाल्याला एसडी, तर उत्पादन विभागातल्याला पीपी. वरठीचा पोलाद कारखाना असो की तुमसरची राईस मिल, माल आणि कागद कसे फिरतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला अर्धा विषय आधीच माहीत असतो. कोडिंगची आवड असणाऱ्यांसाठी ‘अबॅप’चा रस्ता वेगळा आहे.

फुकटात काय शिकता येतं?

* ईआरपीनेक्स्ट: मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. संस्थापक रुषभ मेहता यांच्या कुटुंबाच्या फर्निचर व्यवसायाच्या गरजेतून त्याची सुरुवात झाली. परवाना शुल्क नाही. आपल्या लॅपटॉपवर टाकून पूर्ण सराव करता येतो. फ्रॅपे स्कूलवर मोफत कोर्सही आहेत.
* सॅप: कंपनीच्या अधिकृत लर्निंग संकेतस्थळावर अनेक अभ्यासक्रम मोफत वाचता-पाहता येतात. प्रमाणपत्र परीक्षेला मात्र पैसे लागतात.
* सेल्सफोर्स: ‘ट्रेलहेड’वर धडे मोफत, सरावासाठी डेव्हलपर खातेही मोफत.

व्हिडिओ मोबाईलवर पाहता येतील, सराव मात्र लॅपटॉपवरच. त्यामुळे पहिला खर्च क्लासवर नव्हे, चालू स्थितीतल्या लॅपटॉपवर करणे शहाणपणाचे.

‘२०२७ पर्यंत प्रचंड नोकऱ्या’ हा दावा किती खरा?

अर्धा खरा. ‘सॅप’च्या जुन्या ईसीसी प्रणालीची मुख्य देखभाल २०२७ अखेर संपणार आहे. त्यामुळे कंपन्या २०१५ मध्ये आलेल्या ‘एस/४हाना’कडे वळत आहेत आणि त्यातून काम निर्माण होते. पण अशा प्रकल्पांत आधी अनुभवी माणसे घेतली जातात. नवख्याला दार उघडते ते सपोर्ट, डेटा नोंद, टेस्टिंग किंवा वापरकर्त्यांना शिकवण्याच्या कामातून.

फी भरण्याआधी काय तपासाल?

* खासगी क्लासच्या फीवर १८ टक्के जीएसटी लागतो. ५० हजार सांगितले, तर हिशेब ५९ हजारांचा. ‘जीएसटीसह किती?’ हे आधी विचारा.
* ‘१०० टक्के नोकरीची हमी’ हा धोक्याचा इशारा समजा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींतील खोट्या हमींना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत.
* ‘हप्त्यावर फी’ म्हणजे बहुतेकदा वित्त कंपनीचे कर्ज. क्लास आवडला नाही तरी हप्ता थांबत नाही. फी परतीची अट लेखी घ्या.
* सरावाचा सर्व्हर अधिकृत आहे का, हे विचारा.
* खोटा अनुभव दाखवून देण्याची ‘सोय’ कोणी सांगितली, तर उठून या. पार्श्वभूमी तपासणीत ते उघड होते आणि मिळालेली नोकरीही जाते.
* फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

मग क्रम काय असावा?

आधी हातची नोकरी न सोडता तीन महिने मोफत साहित्यावर अभ्यास. मग ओळखीच्या दुकानाचा किंवा मिलचा नमुना हिशेब ईआरपीनेक्स्टमध्ये उभा करा: खरेदीपासून वसुलीपर्यंत. मुलाखतीत दाखवायला हे काम प्रमाणपत्राइतकेच उपयोगी पडते. एवढे केल्यावरही गोडी टिकली आणि मॉड्यूल ठरले, तरच परीक्षेच्या किंवा क्लासच्या फीचा विचार करा. तीन महिन्यांत कंटाळा आला, तर गेला तो फक्त वेळ. चुकाऱ्याचे पैसे घरातच राहिले.